अर्धी धावपट्टी

गिरणी बंद पडली तेव्हा माझा मोठा भाऊ तिच्या वर्कशॉपचा मुख्य अभियंता होता. ‘बंद पडली’ असं त्या काळी सरळ छापता येत नसे. मालकांच्या पत्रकात ‘तात्पुरती टाळेबंदी’ असे, युनियनच्या पत्रकात ‘बेकायदा टाळेबंदी’. आम्ही दोन्ही शब्द आलटूनपालटून वापरत असू, म्हणजे कुणाचा फोन येत नसे. मी उज्जैनच्या फ्रीगंज भागात एका हिंदी दैनिकाच्या कचेरीत उपसंपादक होतो. पहिल्या पानावर परदेशी कंपन्या येण्याच्या बातम्या लागत आणि आतल्या पानावर गिरण्या जाण्याच्या. दोन्ही मीच लावत असे.

दादा पन्नाशीला आला होता. टाळेबंदीनंतरही तो रोज सकाळी डबा घेऊन माधव नगरमधल्या आमच्या घरातून निघायचा आणि सायकलने गिरणीच्या मागच्या फाटकावर जायचा. तिथे त्याच्या वर्कशॉपमधले चार फिटर बिड्या ओढत उभे असत. चौकीदार त्यांना आत सोडायचा. सुरुवातीला कारण असं होतं की लेथ आणि ड्रिलच्या यंत्रांना तेलपाणी केलं नाही तर गिरणी पुन्हा सुरू होईल तेव्हा ती गंजलेली सापडतील. हे कारण काही महिने टिकलं. मग गिरणी सुरू होण्याबद्दल कुणी बोलेनासं झालं, पण पाचही जण जात राहिले.

जेटचं इंजिन त्यानंतर आलं.

शहरात त्याबद्दल बऱ्याच गोष्टी सांगितल्या जातात. दादाने ते रशियाहून मागवलं, कुणा महंताने दिलं, गिरणीत विमान कोसळलं होतं. यांतलं काहीच झालेलं नाही. इंदूरच्या एका भंगारवाल्याने हवाई दलाच्या भंगाराचा एक लॉट लिलावात घेतला होता. त्यात, वैमानिकांना शिकवण्यासाठी वापरतात त्या प्रकारच्या जुन्या विमानाचं एक इंजिन होतं. ते कापायला बसलेल्या त्याच्या माणसांच्या करवतीचे दात गेले. दादा तिथे बेअरिंग शोधायला गेला होता. सौदा असा ठरला की दादाने आणि फिटरांनी भंगारवाल्याचे दोन जुने बॉयलर सुटे करून द्यायचे आणि इंजिन उचलून न्यायचं.

भंगारवाला म्हणाला, “ले जाओ भिया, पर ये तो बताओ, करोगे क्या इसका?”

“गाड़ी में लगाएँगे,” दादा म्हणाला.

“कौन सी गाड़ी में?”

“वो अभी बनी नहीं है.”

जमिनीवरच्या वेगाचा जागतिक विक्रम त्या वेळी ताशी हजार किलोमीटरच्या वर होता आणि तो अमेरिकेतल्या एका वाळवंटात झालेला होता. दादाला ते ठाऊक होतं. त्या आकड्यासाठी त्याला कधीतरी कच्छच्या रणात जायचं होतं, पण तो पुढचा विषय. आधी देशातला विक्रम मोडायचा. तो किती आहे हे शोधण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्या टेबलावर एसटीडीचा फोन होता. मी दिल्लीला आणि मुंबईला विचारलं. एकाने मोटार रॅलीचे निकाल वाचून दाखवले. दुसऱ्याने मलाच विचारलं की उज्जैनला रेसचा ट्रॅक कधी झाला. जमिनीवरच्या सर्वाधिक वेगाची नोंद ठेवणारं माणूस मला तरी सापडलं नाही.

घरी येऊन मी दादाला हे सांगितलं.

“म्हणजे मोडायला काही नाहीच,” मी म्हणालो.

“तीनशेच्या वर गेलो की आधीचा किती होता हे कुणी विचारणार नाही,” तो म्हणाला. “पण कायद्याने जायचं. एकदा इकडून, एकदा तिकडून. तासाच्या आत. दोन्हींची सरासरी. जगात असंच मोजतात.”

वाऱ्याची मदत होऊ नये म्हणून जगात खरोखरच असं मोजतात. दादाने हे कुठेतरी वाचलं होतं आणि ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

गाडी तयार व्हायला लागलेला काळ मी इथे गाळतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. रोज थोडं काम होई आणि रोज काहीतरी अडे. सांगाडा गिरणीच्याच छपराच्या लोखंडी कैच्यांतून कापला. चाकं आणि टायर त्याच भंगारवाल्याकडे मिळालेली विमानाची होती, कारण ट्रकचा टायर त्या वेगाला फाटला असता. थांबवण्यासाठी मागे पॅराशूट हवं होतं. ते जत्रेचे मंडप शिवणाऱ्याने शिवून दिलं आणि सवयीने त्याच्या कडेला झालरही लावली. दादाने ती उसवून घेतली. जेटचं इंजिन शेवटी घासलेटवरच चालतं, त्यामुळे पाच घरांच्या रेशनकार्डांवरचं घासलेट तिकडे जाऊ लागलं.

“आपला स्टोव्ह किती दिवस बंद आहे माहीत आहे?” वहिनी एकदा जेवायला वाढताना म्हणाल्या. त्या शाळेत शिकवत होत्या आणि घर त्यांच्या पगारावर चाललं होतं. “कार्डावरचं सगळं ह्यांच्या त्या पोरीला पाजून झालं.”

“पोरगी नाही, घोडी आहे,” दादा म्हणाला.

“घोडी असती तर लग्नसराईत वरातीला तरी गेली असती.”

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं ते दिवसाढवळ्या, साखळदंडांनी शेडच्या खांबाला बांधून. मी तिथे होतो. शेडच्या कौलांवरची कबुतरं एकदम उठली आणि गिलाव्याचे पोपडे खाली आले. एवढं अपेक्षित होतं. इंजिन बंद केल्यावर फाटकाकडून लोकांचा गलका ऐकू आला, ते अपेक्षित नव्हतं. आवाज चाळींपर्यंत गेला होता आणि लोकांना वाटलं होतं की गिरणी सुरू झाली. काही जण खाकी शर्ट चढवून आले होते. एकाच्या हातात डबा होता. फिटरांपैकी सगळ्यांत वयस्क होता त्याने फाटकाच्या जाळीतून त्यांना सांगितलं, “अरे जाओ यार, अपनी नहीं है. हवाई जहाज की है.” लोक थोडा वेळ उभे राहिले आणि मग गेले. ही बातमी मी दिली नाही. कशाखाली द्यायची ते कळलं नाही.

त्यानंतर इंजिन चालवायच्या दिवशी दादा आधी एकाला चाळींत पाठवायचा. तो गल्लीगल्लीत ओरडून यायचा की आज आवाज होईल, गिरणीचा नाही.

गाडी तयार झाली तोवर दादाच्या एका वर्गमित्राने पीथमपूरच्या एका कारखान्यात त्याच्यासाठी शब्द टाकला होता. इंदूरजवळच्या पीथमपूरला तेव्हा नवे कारखाने येत होते. जागा मेंटेनन्स सुपरवायझरची होती, म्हणजे त्याच्या निम्म्या वयाच्या मुलांच्या हाताखाली. वहिनींनी ती घ्यायला लावली. दादाने एकच अट घातली: एकदा गाडी दोन्ही बाजूंनी पूर्ण वेगाने धावू दे, मग जातो. कारखान्याने हजर व्हायला एक सोमवार दिला. त्याच सोमवारी गिरणीच्या शेडच्या किल्ल्या कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे जाणार होत्या आणि आतलं सगळं, गाडीसकट, त्याच्या ताब्यात जाणार होतं. तेव्हा जे व्हायचं ते त्या सोमवारच्या आत.

धावायला जागा एकच होती. शहराबाहेर सरकारची एक हवाईपट्टी आहे. तिच्यावरून प्रवासी विमानं जात नसत. मंत्री, राज्यपाल, मोठे अधिकारी महाकालच्या दर्शनाला येत तेव्हा त्यांचं लहान विमान तिथे उतरे. एरवी पट्टीवर शेळ्या बसत आणि आजूबाजूचे शेतकरी सोयाबीन वाळत घालत. दादाला कलेक्टर कचेरीतून एका सकाळची परवानगी मिळाली. ती रद्द झाली, कारण श्रावणी सोमवारसाठी कुणी येणार होतं. दुसरी मिळाली, तीही रद्द झाली, कारण कुणाच्या मुलाच्या निकालाचा नवस होता. तिसऱ्या वेळी गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून झाल्यावर निरोप आला. ती उतरवायला फिटरांना अर्धा दिवस लागला. वयस्क फिटर म्हणाला, “भोलेनाथ का बुलावा सबको आता है, बस हमको नहीं आता.”

मग दादाने एक हिशोब मांडला. तो उज्जैनच्याच माणसाला सुचला असता, म्हणून तो नीट सांगायला हवा.

आमच्याकडे समजूत आहे की इथला राजा एकच, महाकाल. दुसऱ्या राजाने या गावात रात्र काढायची नाही. काढली तर त्याची गादी जाते. राजे गेले तरी समजूत राहिली आणि ती मंत्र्यांना लागू झाली. कुठल्याही पक्षाचा मंत्री असो, सभेत विज्ञानाबद्दल काहीही बोलत असो, सूर्य कलला की त्याची माणसं घड्याळ बघू लागतात. शिवाय पट्टीवर दिवे नव्हते, म्हणजे अंधार पडल्यावर विमान उडूच शकत नव्हतं. दादा म्हणाला की कोणत्याही पहाटे पट्टी रिकामी असणार, हे शास्त्राने आणि धर्माने दोन्हीकडून सिद्ध आहे.

“आणि त्यातही मंत्री येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट,” तो म्हणाला.

“का?”

“अरे, झाडून मिळते ना पट्टी! एरवी तिथे खडी, लेंड्या, तारांचे तुकडे. इंजिनाने एक खडा आत ओढला तर खलास. आपण पाच जण झाडत बसलो तर किती झाडणार? मंत्री येतो तेव्हा बांधकाम खातं शंभर झाडू लावतं. आपल्याला फुकट.”

मला या हिशोबात खोट दिसली नाही. मी स्वतः ‘दर्शन करून सायंकाळी रवाना’ हे वाक्य इतक्या वेळा छापलं होतं की ते अक्षरजुळणीवाल्याला सांगावंही लागत नसे. त्या आठवड्यात शनिवारी एक मंत्री येणार होते. दादाने रविवारी पहाटेपासून आठ वाजेपर्यंतची परवानगी मागितली आणि कलेक्टर कचेरीतल्या बाबूंनी ती लगेच दिली. त्यांचाही हिशोब तोच होता.

शनिवारी मंत्र्यांचा अभिषेक लांबला. मग एका धर्मशाळेचं भूमिपूजन लांबलं. सूर्य मावळला. मंत्री नियमाप्रमाणे गावात राहिले नाहीत. ते मोटारीने इंदूरला गेले आणि तिथे झोपले. आमच्या दैनिकाची बातमी ‘सायंकाळी रवाना’ अशीच लागली आणि ती खरीच होती. विमान कुठे आहे हे त्या बातमीत नव्हतं, कारण तसं कधी लिहायची पद्धत नव्हती.

रविवारी उजाडता उजाडता आमची ट्रॉली पट्टीवर पोहोचली तेव्हा दुसऱ्या टोकाला पांढरं विमान उभं होतं.

दादा ट्रॅक्टरवरून उतरला नाही. तो बसल्या जागेवरून त्या विमानाकडे पाहत राहिला.

एक हवालदार आणि बंदूकवाले चार शिपाई विमानाभोवती होते. हवालदार चालत आमच्याकडे आला. त्याला आमची परवानगी माहीत होती. त्याच्याकडे तिची नक्कल होती.

“परमिशन तो है आपकी,” तो म्हणाला. “पर जहाज भी है.”

“कधी जाणार ते?” दादाने विचारलं. मग हिंदीत विचारलं.

“मंत्रीजी दस बजे इंदौर से वापस आएँगे. एक उद्घाटन बाकी है. फिर जाएगा.”

“हमारा टाइम आठ तक है.”

“तो वो आप देख लो. आज इतवार है, साब लोग बंगले पर हैं. फोन भी कौन उठाएगा.”

फिटरांनी गाडी ट्रॉलीवरून उतरवायला सुरुवात केली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण थांबायलाही सांगितलं नव्हतं. ती लांब, अरुंद, राखाडी रंगाची होती. पुढून इंजिनाचं तोंड उघडं होतं आणि त्यावर तेवढ्यापुरती तारेची जाळी बसवली होती. वहिनी मागून ऑटोने आल्या. त्यांच्याजवळ पोह्यांचा डबा, चहाची किटली आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडून मागून आणलेली दोन स्टॉपवॉच होती. त्यांनी विमान पाहिलं आणि ऑटोवाल्याला थांबायला सांगितलं.

थोड्या वेळाने जीपमधून विमानाचा पायलट आला. तो सर्किट हाउसला झोपला होता. दादा त्याच्याकडे गेला आणि विमान पट्टीवरून खाली बाजूला घेता येईल का, असं विचारलं. पायलटने बुटाच्या टाचेने पट्टीच्या कडेची जमीन दाबून दाखवली. काळी माती होती आणि दोन दिवसांपूर्वी पाऊस झालेला होता. टाच आत गेली.

“चाक धँस गया तो मेरी नौकरी गई,” तो म्हणाला. “आप मेरी जगह होते तो करते?”

“नहीं करता,” दादा म्हणाला.

पायलट मग आमच्या गाडीकडे आला. तो आधी हवाई दलात होता. त्याने जाळीतून आत पाहिलं, बाजूच्या नळ्यांवरून हात फिरवला आणि विचारलं की या इंजिनाचे किती तास शिल्लक आहेत.

“मालूम नहीं. काग़ज़ साथ में नहीं आए.”

“और चलाएगा कौन?”

“मैं.”

“बच्चे हैं?”

“एक बेटी है. पुणे में पढ़ती है.”

“तो मत बैठिए,” पायलट म्हणाला. त्याच्या बोलण्यात उपदेश नव्हता. कुणी पत्ता विचारल्यावर सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

हवालदाराने तोवर आपल्या परीने तोडगा काढला होता. पट्टीच्या मध्यावर एक पांढरी आडवी रेघ होती. तो रेघेवर उभा राहिला आणि म्हणाला, “ऐसा करो. इस लाइन के उधर आपका, इधर सरकार का. आधा-आधा.”

पूर्ण पट्टी मिळाली असती तर दादाच्या गणिताने गाडी तीनशे गाठून थांबू शकली असती. अर्ध्या पट्टीवर वेग घ्यायला जेमतेम जागा मिळते तोच थांबायची वेळ येते. जेट गाडी सुरुवातीला फार हळू उचलते. दादाने हे गणित आमच्यासमोर मांडलं नाही. त्याची गरज नव्हती. चारही फिटरांना ते येत होतं.

“साब,” वयस्क फिटर म्हणाला, “आधी तो आधी. चला दो.”

“त्यात काय अर्थ आहे?” दादा मराठीत म्हणाला. फिटरला मराठी येत नव्हती. तरी त्याने मान हलवली.

आम्ही सगळे उभे होतो. चहा झाला. पोहे कुणी खाल्ले, कुणी नुसते हातात धरले. उन्हं वर येत होती. दादा गाडीच्या भोवती एक फेरी मारून परत त्याच जागी आला. मग वहिनी बोलल्या.

“अहो, उद्या सकाळची बस पकडायची आहे. चालवायची तर चालवा. नसेल चालवायची तर झाकून परत न्या. पण असं नुसतं उभं राहू नका.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याने ट्रॉलीवरून त्याचं स्कूटरचं हेल्मेट घेतलं.

पुढचा अर्धा तास भांडणात गेला. दादाला रेघेजवळून निघून बाहेरच्या टोकाकडे जायचं होतं. पायलट म्हणाला की मग इंजिनाचा झोत माझ्या विमानावर येईल, ते चालणार नाही. दादा म्हणाला, ठीक आहे, बाहेरच्या टोकाकडून रेघेकडे येतो. हवालदार म्हणाला की सरकारी विमानाच्या दिशेने कुठलंही वाहन वेगाने येऊ देण्याचा त्याला हुकूम नाही.

“मुँह भी नहीं करें, पीठ भी नहीं करें,” एक फिटर म्हणाला. “तो क्या दुल्हन जैसी आड़ी चलेगी?”

“वो मुझे नहीं पता. ऊपर से आर्डर है.”

“ऊपर वाले तो इंदौर में सो रहे हैं, भिया.”

शेवटी पायलटनेच ते सोडवलं. त्याने विमानाच्या नाकावर आणि इंजिनांवर कव्हरं चढवून घेतली आणि गाडी रेघेपासून बरीच पुढे नेऊन उभी करायला लावली. म्हणजे आमच्या अर्ध्यातलंही थोडं गेलं. परतीच्या फेरीबद्दल त्याने हवालदाराला सांगितलं की मी स्वतः रेघेवर उभा राहतो, गाडी थांबली नाही तर आधी मला लागेल, तोपर्यंत तुमच्यावर काही येत नाही. हवालदाराने विचार केला आणि तो पायलटच्या मागे जाऊन उभा राहिला.

फिटरांना नारळ फोडायचा होता. दादाने तो मागच्या चाकाशी, इंजिनाच्या तोंडापासून लांब फोडायला लावला आणि करवंटीचा प्रत्येक तुकडा पिशवीत भरून घेतला. अक्षता टाकू दिल्या नाहीत. मग तो आत बसला. एका फिटरने जाळी काढली. ट्रकच्या बॅटऱ्या जोडल्या. मी वेग मोजायला आखलेल्या अंतराच्या एका टोकाला होतो, दुसऱ्या टोकाला एक फिटर. दोघांकडे एकेक घड्याळ आणि इशाऱ्यासाठी हातरुमाल.

आवाज मला गिरणीतला आठवत होता. उघड्यावर तो कमी वाटला. मागून धूर आणि उष्ण हवेचा थरथरता पट्टा निघाला, गाडी जागची हलली आणि बैलगाडी सुटावी तशी सुटली. माझ्यासमोरून जाईपर्यंत तिने वेग घेतला होता. वेग वाढत असतानाच तिने अंतर ओलांडलं आणि लगेच आवाज पडला. पॅराशूट उघडलं. ते इतक्या कमी वेगासाठी शिवलेलं नव्हतं. अर्धवट फुगून ते गाडीमागे जमिनीवर लोळत गेलं. ब्रेकवर गाडी थांबली. काही तुटलं नाही, काही पेटलं नाही.

मी तिथपर्यंत पोहोचलो तेव्हा दादा अजून आतच होता. मला वाटलं तो आता उतरेल. त्याने हेल्मेटची काच वर केली आणि म्हणाला, “फिरवा.”

“कशाला?” मी विचारलं. “तीनशेच्या जवळपासही नाही.”

“एका बाजूने गेलेलं धरत नाहीत. तास संपायच्या आत फिरवा.”

फिटरांनी ती ढकलत, उचलत उलट दिशेला वळवली. घासलेट भरलं. पॅराशूटची घडी वयस्क फिटरने घातली. तिची गरज नाही हे त्याला आता माहीत होतं, तरी त्याने ती पूर्ण घातली. पायलट रेघेवर जाऊन उभा राहिला. त्याने हात मागे बांधले होते. गाडी दुसऱ्यांदा सुटली, आमच्यासमोरून गेली आणि पायलटच्या पुष्कळ आधी थांबली.

आम्ही दोन्ही फेऱ्यांचा वेळ जुळवला आणि वहिनींनी डब्याच्या झाकणावर पेनने भागाकार केला. एकशे एकवीस. दोन्ही बाजूंची सरासरी. तासाच्या आत.

“बस?” हवालदार म्हणाला. “इत्ते से तो कल मंत्रीजी की गाड़ी इंदौर गई है.”

“उनको तो पीछे से पूरा प्रदेश धक्का दे रहा है,” फिटर म्हणाला.

पायलट हसला. दादाही हसला, पण उशिरा. त्याने हेल्मेट काढलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते आणि त्याला नीट ऐकू येत नव्हतं. वहिनींना तो आकडा दोनदा सांगावा लागला. दुसऱ्यांदा त्या जरा मोठ्याने म्हणाल्या, “एकशे एकवीस,” आणि रुमालाने त्याच्या मानेवरचं काळं पुसायला लागल्या.

गाडी परत ट्रॉलीवर चढवायला दोन्ही फेऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. दुपारी ती शेडमध्ये होती. दादाने इंजिनाच्या तोंडावर जाळी बसवली, वरून ताडपत्री टाकली आणि किल्ल्या चौकीदाराकडे दिल्या. फिटरांनी हात धुतले. पुढच्या दिवशी कुठे भेटायचं हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी मी बातमी लिहिली. त्यात वेग दिला, दोन फेऱ्या दिल्या आणि हा विक्रम नाही असं लिहिलं. मुख्य उपसंपादकाने ती दोनदा वाचली.

“यार, तुम्हारे भाई की ख़बर है,” तो म्हणाला. “तीन सौ लिख देते, कौन नापने आ रहा है? ‘नहीं हुआ’ वाली ख़बर कौन छापता है?”

मी सांगितलं की ती अशीच जाईल. ती स्थानिक पानावर खाली, नळाच्या पाण्याच्या वेळापत्रकाच्या शेजारी लागली. मंत्र्यांच्या उद्घाटनाची बातमी पहिल्या पानावर होती, फोटोसकट.

सोमवारी दादा पीथमपूरला हजर झाला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. शेडमधला माल पुढे लिलावात गेला. गाडी कुणी घेतली ते कळलं नाही. बहुतेक वजनावर गेली असावी. फिटरांपैकी एक ऑटो चालवू लागला, एक मुलाकडे सुरतेला गेला. बाकीच्या दोघांबद्दल माझ्याकडे खात्रीची माहिती नाही.

लग्नकार्यात अजूनही कुणीतरी दादाची ओळख करून देतं की हेच ते, ज्यांनी जेटची गाडी तीनशेने पळवली. कधी तीनशे म्हणतात, कधी चारशे. दादा प्रत्येक वेळी दुरुस्त करतो. एकशे एकवीस, म्हणतो, दोन्ही बाजूंची सरासरी, आणि पट्टी अर्धीच मिळाली होती. पट्टी अर्धी का मिळाली हेही तो सांगायला लागतो, पण समोरच्या माणसाच्या घरी हल्लीच घेतलेली गाडी आरामात तेवढी पळते. तो माणूस मान डोलावतो, शेजारच्याकडे वळतो आणि त्याची गाडी मायलेज किती देते ते विचारतो.